ड्रॅगनचं वय

जानेवारी 2000 मध्ये व्हिटब्रेड पुरस्काराच्या परीक्षकांत चांगलीच जुंपली होती. खरी चुरस दोन पुस्तकांत होती. एक, शेमस हीनी यांनी आजच्या इंग्रजीत आणलेलं ‘बेओवुल्फ’, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचं अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य. दुसरं, जे. के. रोलिंगचं ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान’. निसटत्या मतांनी हीनी जिंकले. चरित्रकार अँथनी होल्डन हे परीक्षकांतले एक. पॉटरच्या विरोधात ते ठाम उभे राहिले आणि पुढे ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लेख लिहून ही पुस्तकं आपल्याला का सुमार वाटतात हेही त्यांनी सांगून टाकलं.

हीनी मोठे कवी, नोबेलचे मानकरी. ते जिंकले यात वावगं काही नाही. पण ‘बेओवुल्फ’ उघडून बघा. रात्री राजाच्या दालनात शिरून माणसं खाणारा ग्रेंडेल नावाचा राक्षस आहे. तळ्याच्या तळाशी राहणारी, पोराचा सूड उगवायला येणारी त्याची आई आहे. राक्षसांनी घडवलेली तलवार आहे. शेवटी खजिन्यावर वेटोळं घालून बसलेला, आग ओकणारा ड्रॅगन आहे. तेव्हा राक्षस, तलवार आणि ड्रॅगन यांचं परीक्षकांना वावडं नव्हतं. ड्रॅगन हजार वर्षांचा असला की तो साहित्य होतो, आणि नऊ वर्षांचं पोर गादीवर पालथं पडून त्याच्याबद्दल वाचायला लागलं की तो बाजारू माल होतो. पॉटरवरच्या बहुतेक टीकेचं मूळ इथे आहे, आणि गेली पंचवीस वर्षं ती टीका मला मुलांचा अपमान करणारी वाटत आली आहे.

सर्वांत गाजलेला हल्ला हॅरल्ड ब्लूम यांचा. अमेरिकेतले नाणावलेले समीक्षक, येल विद्यापीठातले प्राध्यापक, शेक्सपिअरवर अधिकारवाणीने लिहिणारे. जुलै 2000 मध्ये, चौथं पुस्तक बाजारात येऊन तीन दिवस झाले होते तेव्हा, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये त्यांनी लिहिलं की साडेतीन कोटी गिऱ्हाइकं चुकू शकतात आणि चुकलीच आहेत. लेखासाठी त्यांनी वाचलं होतं पहिलं पुस्तक. त्यातले घासून गुळगुळीत झालेले वाक्प्रचार त्यांनी शोधून काढले. कोणी फिरायला निघालं की लेखिका तेच ते शब्द कसे वापरते, हे पुराव्यादाखल मांडलं. हे वाचण्यापेक्षा मुलांनी ‘अ‍ॅलिस’ किंवा ‘द विंड इन द विलोज’ वाचावं, असा सल्ला दिला.

‘विंड इन द विलोज’ 1908 मध्ये आलं तेव्हा ‘टाइम्स’च्या समीक्षकाने ते प्राणिशास्त्राच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं ठरवलं होतं. उंदीर, चिचुंद्री आणि बेडूक यांची गोष्ट, आणि साहेबांनी तिला प्राणिशास्त्राची फूटपट्टी लावली. ब्लूम यांच्या सल्ल्याला नकार द्यायचं कारण नाही, ती दोन्ही पुस्तकं सुंदर आहेत. पण वाक्प्रचार मोजताना ब्लूम यांच्या हातून काय निसटलं ते मात्र सांगायलाच हवं, कारण ते त्यांच्या हातातल्या त्याच पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात आहे.

आईबाप मारले गेलेल्या तान्ह्या हॅरीला घेऊन हॅग्रिड नावाचा धिप्पाड माणूस रात्री उडत्या मोटरसायकलवरून येतो. जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर विचारतात, ही गाडी कुठून आणलीस? हॅग्रिड सांगतो, सिरियस ब्लॅकने दिली. झालं. एका ओळीचा उल्लेख. मग ते नाव गायब. पहिलं पुस्तक संपतं, दुसरं संपतं. तिसरं येतं 1999 मध्ये आणि त्यात तुरुंगातून पळालेला, सगळा देश ज्याला शोधतोय तो खुनी कोण, तर सिरियस ब्लॅक.

लेस्टरमधल्या माझ्या भाचीने हे नाव वाचलं तेव्हा मी तिच्या घरी होते. ती थबकली. काही न बोलता उठली, फळीवरून पहिलं पुस्तक काढलं, जमिनीवर बसून पानं उलटली आणि त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. “मावशी, तो इथे होता. आधीपासून होता.” तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समीक्षा म्हणते. एका पुस्तकातला तपशील तिने दोन पुस्तकं डोक्यात सांभाळून ठेवला होता, तो सापडला, जुळला, आणि आता ती पुढचं पान अधिक सावधपणे वाचणार होती. निष्काळजी वाचक असा घडत नाही.

रोलिंगचं खरं कसब या रचनेत आहे. तिचं वाक्य साधं आहे, कधी कधी सपाटही. क्रियाविशेषणांचा तिला सोस आहे, आणि पाचव्या भागातली दोनशे पानं कुणा धीट संपादकाने काढली असती तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं. पण गोष्ट रचताना ती मुलाच्या स्मरणशक्तीवर आणि धीरावर जेवढा भरवसा टाकते तेवढा भरवसा त्या मुलावर शाळेतही फारसं कोणी टाकत नाही.

आणखी एकच उदाहरण देते, कारण ते बिनतोड आहे. पाचव्या भागात मुलं एका जुनाट, कुबट घराची साफसफाई करत असतात. काचेच्या कपाटातून एकेक वस्तू निघते. त्या यादीत, मध्येच कुठेतरी, एक जड लॉकेट आहे. सगळ्यांनी प्रयत्न केले तरी ते उघडत नाही. वाक्य पुढच्या वस्तूकडे वळतं. हे जून 2003 मध्ये छापलं गेलं. सहावा भाग आला जुलै 2005 मध्ये, आणि त्याच्या शेवटी कळतं की सगळ्या कथेची किल्ली एका लॉकेटमध्ये आहे, हाती लागलेलं लॉकेट नकली आहे, आणि खरं कुणी नेलं त्याची फक्त आद्याक्षरं उरली आहेत. सातवा भाग यायला आणखी दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत जगभरची मुलं जुन्या पुस्तकांकडे परतली आणि त्यांतल्या कित्येकांनी त्या साफसफाईतलं लॉकेट शोधून काढलं. बारा-तेरा वर्षांची मुलं सातशे पानांच्या पुस्तकात एका ओळीच्या शोधात पुन्हा शिरतात, तेव्हा भाषेच्या प्राध्यापकांनी उठून उभं राहायला हवं होतं.

आता जरा पानं मोजू. ब्रिटिश आवृत्तीचा पहिला भाग 223 पानांचा, दुसरा 251, तिसरा 317. चौथा एकदम 636. पाचवा 766. जे मूल नवव्या वर्षी दोनशे पानांवर सुरू झालं ते काही वर्षांत साडेसातशे पानं पेलू लागलं, आणि त्यासाठी कुणी छडी उगारली नाही की बक्षीस लावलं नाही. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या नादाचा एक विलक्षण पुरावा 2005 च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पडून-झडून, हाडं मोडून तातडीच्या विभागात येणारी 7 ते 15 वयाची मुलं सरासरी 67 च्या घरात असत. पाचवा आणि सहावा भाग ज्या शनिवार-रविवारी प्रसिद्ध झाले त्या दोन्ही वेळी हा आकडा 36 आणि 37 वर आला. मुलं झाडावर नव्हती, सायकलवर नव्हती. घरात बसून वाचत होती.

टीकाकार म्हणतात, वाचतात हे खरं, पण काय वाचतात? ए. एस. बायट यांनी 2003 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हाच मुद्दा धारदारपणे मांडला. त्यांचा रोख मोठ्या माणसांवर होता. पॉटरचं जग उसन्या, दुसऱ्या हाताच्या तुकड्यांनी जोडलेलं आहे आणि टीव्हीवरच्या कार्टूनपलीकडे कल्पना न पोचणाऱ्यांना ते पुरतं, असा त्यांचा सूर होता. प्रौढांना पॉटर वाचताना संकोच वाटतो हे प्रकाशकांनाही ठाऊक होतं. ब्लूम्सबरीने 1998 पासूनच काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांच्या मुखपृष्ठांची खास मोठ्यांसाठीची आवृत्ती काढली होती. तो संकोच आणखी घट्ट केला तो अशाच लेखांनी.

बायट स्वतः फार ताकदीच्या लेखिका होत्या. 1990 मध्ये बुकर मिळालेली त्यांची ‘पझेशन’ ही कादंबरी मला मनापासून आवडते. ती कादंबरी कशाची बनली आहे? व्हिक्टोरियन कवींच्या धाटणीवर रचलेल्या कवितांची, जुन्या पत्रांच्या आणि रोजनिशांच्या नमुन्यांची, परीकथांची, आणि अर्धी बाई अर्धी नागीण असलेल्या मेल्युसिनच्या फ्रेंच दंतकथेची. तिथे उसनवारीला विद्वत्ता म्हणायचं आणि रोलिंगने किमिया, फिनिक्स आणि वसतिगृहातली शाळा घेतली की तिला हलक्या हाताची म्हणायचं, हा न्याय मला मान्य नाही.

वसतिगृहाच्या शाळेची गोष्ट इंग्रजीत 1857 च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’पासून चालत आली आहे. आपल्यापैकी अनेकींनी एनिड ब्लायटनच्या ‘मॅलरी टॉवर्स’मधून ती ओळखली. याच ब्लायटनबाईंना बीबीसीने वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही; दर्जा नाही, असं त्यांच्या आतल्या टिपणांत लिहिलेलं होतं, आणि ती टिपणं 2009 मध्ये उघड झाली. रोलिंगने तो जुना साचा घेतला आणि त्यात जिन्याखालच्या कपाटात झोपणारा, मावसभावाचे वापरलेले कपडे घालणारा पोरका मुलगा आणून बसवला. कीर्तनकाराने तेच आख्यान शंभराव्यांदा लावलं तरी त्याच्यावर चोरीचा आळ येत नाही. श्रोता बघतो तो आजच्या रंगाकडे. तसंच इथे बघावं.

उर्सुला ले ग्विन यांचं मात्र ऐकावं लागतं. त्यांच्या 1968 च्या ‘विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये जादूगारांची शाळा आधीच होती. पॉटरची पुस्तकं त्या वयाला ठीक आहेत, पण शैली सामान्य, कल्पना उसनी आणि नीतीच्या बाजूने वृत्ती जराशी कोती, असं त्यांनी म्हटलं होतं. जाडेपणावरचे विनोद आणि सावत्रपणे वागणाऱ्या नातेवाइकांना दिलेली टोकाची कुरूपता पाहिली की शेवटच्या शब्दात तथ्य आहे हे मी कबूल करते. त्यांचा राग मुख्यतः रोलिंगला अभूतपूर्व ठरवणाऱ्या समीक्षकांवर होता आणि तो रास्त होता. त्या समीक्षकांनी ‘अर्थसी’ वाचलं नव्हतं. पॉटर संपवून ‘अर्थसी’पर्यंत पोचलेली मुलं मात्र मी पाहिली आहेत.

मग धर्मवाले. मार्च 2000 मध्ये केंटमधल्या चॅटम गावच्या एका चर्च शाळेने पॉटरची पुस्तकं बंद केली. जादूटोणा बायबलला मंजूर नाही, हे कारण. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे 2001 च्या डिसेंबरात एका चर्चने ही पुस्तकं चक्क जाळली. महाराष्ट्रातून येणारा आक्षेप उलट्या बाजूचा असतो, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. नरेंद्र दाभोलकरांना जिवानिशी मारलं गेलं त्या 2013 सालीच आपण जादूटोणाविरोधी कायदा केला. अशा राज्यातल्या मुलांच्या हातात छडीने चमत्कार करणारा नायक कशाला, असं एका जुन्या कार्यकर्त्याने मला कळवळून विचारलं होतं.

त्यांना मी दुसरा भाग वाचायला दिला. त्यात गिल्डरॉय लॉकहार्ट आहे. देखणा, गोडबोल्या, सदा हसरा. स्वतःच्या पराक्रमांची पुस्तकं लिहितो आणि शिक्षक झाल्यावर तीच पुस्तकं मुलांना विकत घ्यायला लावतो. बायका त्याच्यावर भाळतात. शेवटी कळतं, त्याने एकही पराक्रम केलेला नाही. इतरांच्या कामगिऱ्या ऐकून घ्यायच्या, मग त्यांची स्मृती पुसून टाकायची आणि श्रेय लाटायचं, एवढीच विद्या त्याला येते. आपल्याकडच्या बुवाबाजीचं इतकं नेमकं चित्र दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत मराठीत कुणी काढलंय? भविष्य शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाई दोन वेळा सोडल्या तर थापाच मारतात, आणि त्यांच्या तासावरून उठून जाणारी हर्मायनी ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी आहे. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत मंत्र नवसाने येत नाही. उच्चार घोटावा लागतो, मनगट वळवायला शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि अडलं की ग्रंथालयात जावं लागतं. अंगारा-धुपाऱ्याचं जग हे नव्हे.

पाचवा भाग तर मी दर निवडणुकीच्या आधी मोठ्यांनाही वाचायला लावीन. शत्रू परत आला आहे हे जादूगारांच्या मंत्रालयाला मानायचं नाही म्हणून ‘डेली प्रॉफेट’ हे वर्तमानपत्र रोज खरं बोलणाऱ्या मुलाची टिंगल करतं, शाळेवर सरकारी बाई नेमली जाते, आणि ती गोड आवाजात, गुलाबी स्वेटर घालून, हुकमांमागून हुकूम भिंतीवर ठोकते. हे पुस्तक दुकानात आलं तेव्हा इराकवरच्या युद्धासाठी सरकारने दिलेल्या कारणांवरून ब्रिटनमध्ये रान पेटलेलं होतं. रोलिंगने ते आधीच लिहून ठेवलं होतं. पण वाचणाऱ्या मुलांना घरातल्या बातम्या आणि पुस्तकातल्या बातम्या शेजारी ठेवून बघता आल्या.

याच भागात थेस्ट्रल आहेत. स्टेशनवरून शाळेकडे जाणाऱ्या गाड्या आधीच्या भागांत आपोआप चालतात, घोडे नाहीत, असं हॅरीला दिसत आलेलं असतं. पाचव्या वर्षी तो उतरतो तर गाड्यांना हाडकुळे, काळे, पंखवाले घोडे जुंपलेले. त्याच्या मित्राला, रॉनला ते दिसत नाहीत. आपल्याला वेड लागलं की काय, असं हॅरीला वाटतं. फक्त ल्यूना नावाच्या, सगळे जिला चक्रम समजतात अशा मुलीला ते दिसतात. कारण पुढे उलगडतं: ज्याने मरण डोळ्यांनी पाहिलं आहे त्यालाच थेस्ट्रल दिसतो. ल्यूना नऊ वर्षांची असताना तिची आई तिच्यासमोर गेली. हॅरीने मित्राला मरताना पाहिलं. घोडे पूर्वीपासून तिथेच होते, गाड्या तेच ओढत होते.

वडील गेल्यानंतर शाळेत परतणाऱ्या मुलाला काय वाटतं हे यापेक्षा स्पष्ट मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. वर्ग तोच असतो, डबा तोच, मित्र तेच. आणि त्याला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नसतं. रोलिंगची आई 1990 च्या डिसेंबरात गेली, त्याच वर्षी ही गोष्ट तिच्या डोक्यात आली होती. मालिकेत मरणं आहेत आणि ती खोटी नाहीत. मेलेलं माणूस जादूनेही परत येत नाही, हा तिथला नियम आहे. अशा पुस्तकाला पळवाट म्हणणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं.

इथे ब्रिटनमधल्या मराठी घरांतला टीकाकार निराळा. तो भेटतो गणपतीला, मंडळाच्या सभागृहात, हातात मोदकाची बशी घेऊन. मुलगा दहा वर्षांचा, ग्रामर स्कूलच्या प्रवेशाची इलेव्हन प्लस परीक्षा वर्षावर आलेली, शिकवणीवाल्यांनी अभिजात पुस्तकांची यादी दिलेली. “तो पॉटरच चौथ्यांदा वाचतोय हो. शब्दसंपत्ती वाढेल असं काहीतरी सांगा ना.” या बापाची काळजी खोटी नाही, ग्रामर स्कूलची जागा म्हणजे घराचं भवितव्य असं त्याला वाटतं. पण तेच पुस्तक चौथ्यांदा वाचणारं मूल ही तक्रारीची गोष्ट नव्हे. पहिल्यांदा गोष्ट कळते, दुसऱ्यांदा धागे दिसतात, तिसऱ्यांदा वाक्यं कानात बसतात. ज्यूल व्हेर्नपासून चार्ल्स डिकन्सपर्यंत सगळे नंतर येतील, पण वाचायची भूक आधी हवी, आणि ती यादी देऊन लागत नाही.

आपण हे विसरलो कसे? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 पासून अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, आणि दिव्यातला राक्षस मराठी घरांत नांदू लागला. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आपल्या वडिलांच्या पिढीने भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचल्या. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हेर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला. समीक्षेने या लोकांना ओसरीवरच ठेवलं. वाचक मात्र त्यांनी घडवले, आणि तेच वाचक पुढे मर्ढेकर आणि जी. ए. कुलकर्णींपर्यंत पोचले. मराठीतही मंजुल पब्लिशिंग हाऊसने पॉटर आणला आहे. मराठी वाचायला कंटाळणाऱ्या इथल्या मुलाच्या हातात मी तोच देते, कारण गोष्ट ओळखीची असली की लिपीची धास्ती कमी होते.

लिंगओळखीबद्दल रोलिंगने 2020 पासून जी भूमिका जाहीरपणे मांडली आहे तिच्यावरून वाद पेटलेला आहे, आणि तिची पुस्तकं नकोतच असं म्हणणारे वाचकही आहेत. ज्यांना दुखावल्यासारखं वाटतं त्यांनी पुस्तक विकत घ्यावं असा आग्रह कुणी धरू नये. वाद लेखिकेशी घालावा, जाहीर घालावा. पण ज्यांनी दहाव्या वर्षी या पानांत आसरा शोधला त्यांच्याकडून तो काढून घेऊ नये. चित्रपटांत हॅरी साकारणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने जून 2020 मध्ये रोलिंगशी आपला मतभेद स्पष्ट सांगतानाच वाचकांना हेही सांगितलं होतं की पुस्तकात तुम्हाला जे सापडलं ते तुमचंच आहे.

एका टीकेपुढे मात्र मी मान तुकवते, आणि ती आपल्या घरातली आहे. हॉगवर्ट्सच्या हजेरीपटावर पाटील आहेत. पार्वती आणि पद्मा, जुळ्या बहिणी. एक ग्रिफिंडॉर हाऊसमध्ये, दुसरी रेव्हनक्लॉमध्ये. चौथ्या भागातल्या नाचाला हॅरी आणि रॉन त्यांना जोडीला नेतात आणि संध्याकाळभर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पार्वती भडक गुलाबी झग्यात येते, वेणीत सोनेरी गुंफण. चित्रपटात त्या एकाच रंगाच्या लेहंग्यांत दिसल्या आणि दोघींना एकाच हाऊसमध्ये टाकलं गेलं. पाटील म्हणजे कुठल्या पाटील? घरी काय बोलतात? आई चिठ्ठीत काय लिहिते? सात पुस्तकांत याचा पत्ता नाही. रॉनच्या वीजली घरातल्या लोकरी स्वेटरची वीण मला ठाऊक आहे, आणि पाटलांच्या घराचा उंबराही नाही. ही उणीव आहे, आणि ती दाखवणारे वाचक मुलांना गांभीर्याने घेतात, म्हणून त्यांच्याशी माझं भांडण नाही. तरी एवढं नमूद करते की पार्वती शेवटच्या लढाईत उभी आहे. आणि 1997 मध्ये लंडनच्या शाळेत आपलं आडनाव तीनदा चुकीचं उच्चारलं गेलेल्या पाटलांच्या मुलीला ते आडनाव पहिल्याच पुस्तकात, हाऊस ठरवणारी टोपी घालायला बोलावलेल्या मुलांच्या यादीत, छापलेलं मिळालं. त्या आधी कुठल्या इंग्रजी बालकादंबरीने तिला ते दिलं होतं?

पहिल्या पुस्तकाची पुठ्ठा-बांधणीची पहिली आवृत्ती 500 प्रतींची होती आणि त्यातल्या बऱ्याचशा थेट ग्रंथालयांत गेल्या. जाहिरातीने पॉटर मोठा झाला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो आधी ग्रंथालयाच्या फळीवर मुलांना सापडला. आज कित्येक शाळांत ती फळीच शिल्लक नाही. ब्रिटनमधल्या सातांपैकी एका सरकारी प्राथमिक शाळेत ग्रंथालय नाही; तुरुंगात ते असणं कायद्याने बंधनकारक आहे, शाळेत नाही. नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या 2025 च्या पाहणीत 8 ते 18 वयाच्या फक्त 32.7 टक्के मुलांनी मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं सांगितलं. 2005 मध्ये ही मोजणी सुरू झाल्यापासून आकडा इतका खाली कधी गेला नव्हता. 2005, म्हणजे सहावा भाग आला ते वर्ष.

सरकारने 2026 हे राष्ट्रीय वाचन वर्ष ठरवलं आहे, आणि इंग्लंडमधल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला ग्रंथालय देण्याचं वचन अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी सप्टेंबर 2025 मध्ये दिलं. म्हणजे कपाटं येतील, आणि कपाटांत काय ठेवायचं हे ठरवायला समित्या बसतील. तिथे होल्डन आणि ब्लूम यांचे वारसदार हमखास असतील. माझी मागणी आधीच लेखी देऊन ठेवते. सातही भाग घ्या. चौथ्याच्या दोन प्रती जास्त घ्या, तो कायम बाहेर असतो. शेजारी ‘अर्थसी’ ठेवा. आणि हे सगळं खालच्या फळीवर, सात वर्षांच्या मुलाचा हात पोचेल तिथे लावा.